आज फॅट किती लागलं? चीज-पनीर घेताना पैसे कशाचे मोजायचे

शेजारच्या वहिनींचा मुलगा पुण्याहून सुटीला आला, तो आईसाठी चीजचा एक तुकडा घेऊन. दोनशे ग्रॅम, साडेसहाशे रुपये. वर छापलेलं : चौदा महिने पिकवलेलं, कुरणात चरणाऱ्या गायींच्या दुधाचं. वहिनींचं कोलेस्टेरॉल वाढलंय हे डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलंय. मुलाचं म्हणणं असं की, जुन्या चीजमध्ये 'चांगली चरबी' असते, ती हृदयाला चालते. वहिनी तो तुकडा घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "दर महिन्याला एवढे पैसे घालायचे का गं?"

माझं उत्तर, नाही. चव आवडली तर सणासुदीला आणावा, पण चांगल्या चरबीसाठी नाही. चीजमधली चांगली चरबी जनावराच्या चाऱ्यातून येते. पिकवल्याने ती नव्याने तयार होत नाही. आणि चारा कितीही उत्तम असला तरी ती असते चिमूटभरच. हे एकदा नीट समजलं की दुकानात कशाला पैसे द्यायचे आणि कशाला नाहीत, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा, भडगाव, जामनेर या पट्ट्यात कोणत्याही दूध संकलन केंद्रावर सकाळी उभं राहा. कॅन उतरतात, मशीनमध्ये नमुना जातो, पावती निघते आणि पाठीमागून प्रश्न येतो, "आज फॅट किती लागलं?" राज्यात गायीच्या दुधाचा भाव ठरतो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरून. म्हशीच्या दुधाचा ६ फॅट आणि ९ एसएनएफ धरून. शेतकऱ्याचं सगळं घरखर्चाचं गणित त्या पावतीवर उभं असतं. मात्र मशीन फॅट किती ते सांगतं, कोणतं ते सांगत नाही.

कोणतं, हे सांगायचं तर दुधाच्या शंभर ग्रॅम फॅटमध्ये साधारण ६५ ते ७० ग्रॅम संपृक्त असतं, म्हणजे थंडीत गोठणारं, ज्याबद्दल डॉक्टर सावध करतात ते. पंचविसेक ग्रॅम शेंगदाणा तेलातही असतं तसं एकअसंपृक्त. उरलेल्या तीन-चार ग्रॅममध्ये ओमेगा-६, ओमेगा-३ आणि सीएलए नावाचं एक खास आम्ल येतं. 'हेल्दी फॅट' म्हणून जाहिरातीत ज्यांचं नाव घेतलं जातं, ती ओमेगा-३ आणि सीएलए ही जोडी. दोन्ही मिळून शंभरात एक-दोन ग्रॅम. गाय असो, म्हैस असो, पाचोऱ्याची असो की स्वित्झर्लंडची, हा मूळ साचा फारसा हलत नाही. हलतात ते शेवटचे एक-दोन ग्रॅम, आणि ते हलवतो चारा.

गाय-म्हैस रवंथ करते तेव्हा कोठीपोटात कोट्यवधी जिवाणू काम करत असतात. हिरव्या गवतात ओमेगा-३ भरपूर असतं. जिवाणू त्यातलं बरंचसं मोडून संपृक्त करून टाकतात, तरी थोडं निसटून दुधात येतं. काही फॅट अर्धवट मोडलेल्या अवस्थेत रक्तातून कासेत पोचतं आणि तिथे त्याचं सीएलए होतं. म्हणून हिरव्या कुरणावर चरणाऱ्या जनावराच्या दुधात सीएलए दुप्पट, कधी त्याहून जास्त सापडतं, ओमेगा-३ सुद्धा वाढतं. कोरड्या चाऱ्यावर दोन्ही घटतात.

आता हे आपल्या गोठ्यावर आणून बघा. आषाढ-श्रावणापासून दिवाळीपर्यंत बांधावर गवत असतं, जनावरं चरायला सुटतात, विळ्याने कापलेले भारे गोठ्यात येतात. त्या दिवसांतलं दूध या हिशोबाने वर्षातलं सगळ्यात चांगलं. माघ-फाल्गुनानंतर बांध वाळतात आणि ज्वारीचा कडबा, मक्याचा मुरघास, सरकीची ढेप यावर निभावून न्यावं लागतं. ज्यांच्याकडे विहिरीला किंवा गिरणेच्या पाटाला पाणी आहे त्यांचं लसूणघास, नेपियर उन्हाळ्यातही हिरवं राहतं. बाकीच्यांना चारा विकत घ्यावा लागतो. ढेपेचं एक चांगलं आहे : तिच्यात उरलेल्या सरकीच्या तेलाने सीएलए थोडं राखलं जातं, पण ओमेगा-३ची भरपाई ढेप करत नाही. म्हणजे एकाच गोठ्यातलं, एकाच म्हशीचं, एकाच भावाचं दूध भाद्रपदात वेगळं आणि वैशाखात वेगळं. कोणत्याही पाकिटावर हे छापलेलं नसतं.

त्यामुळे दूध लावताना मी दूधवाल्या भाऊंना भावाच्या आधी चारा विचारते. "हिरवं काय घालता सध्या?" उत्तर लगेच आलं तर समजावं की माणूस गोठा स्वतः सांभाळतो. हा प्रश्न फुकट आहे आणि त्याचं उत्तर चौदा महिन्यांच्या चीजवर छापलेल्या मजकुरापेक्षा उपयोगी आहे.

म्हैस, गाय, शेळी

दूध कुणाचं यानेही फरक पडतो, पण बहुतेक लोक समजतात त्या बाबतीत नाही. म्हशीच्या दुधात फॅट जास्त, सहा ते आठ टक्के. गायीच्या साडेतीन ते साडेचार. फॅटचा आतला प्रकार जवळपास सारखा. म्हणजे म्हशीचं पनीर 'वाईट' नसतं, घट्ट असतं. तेवढ्याच दुधातून जास्त पनीर पडतं आणि प्रत्येक वाटीत फॅट जास्त येतं. गायीचं दूध पिवळसर दिसतं कारण चाऱ्यातला बीटा-कॅरोटीन हा रंग तिच्या दुधात उतरतो. म्हैस त्याचं जीवनसत्त्व 'अ' करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरंशुभ्र. तेव्हा पिवळं पनीर म्हणजे पौष्टिक असं काही नाही, आणि चीजच्या वडीचा पिवळा रंग तर बहुधा अनाटो नावाच्या बियांचा असतो, घटकांच्या यादीत तो १६०बी या आकड्याने लिहिलेला सापडेल.

शेळीचं दूध मात्र खरोखर वेगळं आहे. तिच्या फॅटमध्ये मध्यम लांबीची आम्लं गायीच्या मानाने बरीच जास्त, दुपटीच्या आसपास. ती पचायला हलकी असतात. शेळीच्या दुधाचा तो उग्र वासही त्यांचाच. यातल्या तीन आम्लांची नावंच शेळीच्या लॅटिन नावावरून पडलेली आहेत. खान्देशात घरोघरी शेळ्या आहेत, पण दूध सहसा विकायला येत नाही. ते पिलांना जातं, घरात चहाला जातं, आणि डेंग्यूची साथ आली की प्लेटलेट वाढतात या समजुतीने अचानक भाव खाऊन जातं. त्या समजुतीला पुरावा नाही. एक किलो चीजला दहा लिटरच्या आसपास दूध लागतं आणि शेळी दिवसाला लिटर-दीड लिटर देते. म्हणून शेळीचं चीज शहरातल्या मोठ्या दुकानात मिळतं ते किलोला हजारांच्या घरात. पचनाच्या कारणासाठी कुणाला शेळीचं दूध हवंच असेल तर गावातल्या शेळीवाल्याकडून अर्धा लिटर दूध लावून घ्यावं. चीजच्या वाटेला जाऊ नये.

'ए-टू' हे लेबल लावून गीर गायीचं दूध, तूप, पनीर दुप्पट-तिप्पट भावाने विकलं जातं. ए-वन, ए-टू हा फरक दुधातल्या एका प्रथिनाचा आहे, फॅटचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. तुपात तर प्रथिन जवळजवळ नसतंच. 'एफएसएसएआय' या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये हे दावे पाकिटांवरून काढायला सांगितलं आणि आठवड्याच्या आत तो आदेश मागेही घेतला. लेबल त्यामुळे अजून बाजारात आहे. गीर गाय जरूर पाळावी, आपल्या उन्हाला टिकणारं जनावर आहे. पण चांगल्या चरबीच्या नावाखाली तिच्या तुपाला दुप्पट पैसे देऊ नयेत.

पिकवल्याने काय होतं

दूध रेनेटने, म्हणजे चीजसाठी वापरतात त्या विकराने, फाडलं, पाणी निथळलं, मीठ लावलं आणि चक्का थंड खोलीत महिनोन्‌महिने ठेवला की तीन गोष्टी घडतात. पाणी उडतं, म्हणून शंभर ग्रॅममधलं फॅट, प्रथिनं, मीठ सगळंच वाढतं. ओल्या आणि सुक्या खोबऱ्यात जो फरक तो हा. दुसरं, जिवाणू उरलेली दुग्धशर्करा संपवतात, म्हणून दूध पचत नाही अशा माणसालाही जुनं चीज बहुधा चालतं. तिसरं, फॅट आणि प्रथिनं मोडून त्यांचे छोटे तुकडे होतात, आणि चीजची चव या तुकड्यांची असते. निळ्या बुरशीच्या चीजमध्ये हे मोडणं सगळ्यात जास्त, म्हणून त्याचा वास सगळ्यात तिखट. जिवाणू थोडं के-टू जीवनसत्त्वही करतात. एवढं पिकवण्याच्या पदरात घालता येतं.

सीएलए आणि ओमेगा-३ मात्र जेवढं दुधात आलं होतं जवळपास तेवढंच राहतं. दोन महिन्यांचं आणि चौदा महिन्यांचं चेडर शेजारी ठेवलं तर सुक्या वजनावर त्यांच्या फॅटची ठेवण सारखीच निघते. जुन्यात फॅट जास्त असतं हेही दरवेळी खरं नाही. इटलीचं पार्मेजान किमान वर्षभर पिकतं, तरी त्यात फॅट चेडरपेक्षा कमी, कारण रात्रभर ठेवलेल्या दुधावरची साय काढून मग ते करतात. म्हणजे तिथेही हिशोब दुधापासूनच सुरू होतो.

आपल्याकडे पिकवलेल्या चीजची परंपरा का नाही, याचं उत्तर मे महिन्यात पाचोरा स्टेशनच्या फलाटावर दुपारी उभं राहिलं की मिळतं. चाळीस-बेचाळीस अंशांवर, कधी त्याच्याही वर पारा जातो, आणि चेडर पिकायला महिनोन्‌महिने दहा अंशांच्या आसपास थंडावा लागतो. आपल्या आजी-पणजींनी दूध टिकवलं ते दही, लोणी, तूप करून, आणि ते शहाणपणाचं होतं. शेजारच्या सुरतेत रेनेटने फाडून निवळीतच ठेवलेलं मऊ म्हशीचं पनीर होतं. ते एक-दोन दिवसांतच खायचं. आणंदला अमूलने १९५५ मध्ये म्हशीच्या दुधाची पावडर करून दाखवली आणि पुढे म्हशीच्या दुधाचं चीजही केलं, तेव्हा युरोपातल्या जाणकारांना ते अशक्य वाटत होतं. अडचण खरी होती : म्हशीच्या दुधाचं चीज हळू पिकतं आणि कोरडं पडतं. आपण वडी म्हणून खातो ते प्रोसेस्ड चीज म्हणजे असं काही महिने पिकलेलं आणि काही ताजं चीज एकत्र वितळवून, त्यात सोडियमचे क्षार घालून पुन्हा घट्ट केलेलं. वितळवल्याने फॅट बिघडत नाही. वाढतं ते मीठ.

आता पैशांचं

२२ सप्टेंबर २०२५ पासून चीज, लोणी, तूप यांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आणि पाकीटबंद पनीरवरचा पाच टक्के पूर्ण गेला. त्या वेळी अमूलने चीजच्या एक किलोच्या ब्लॉकचा भाव ५७५ वरून ५४५ केला आणि २०० ग्रॅम पनीर ९९ वरून ९५ वर आणलं. हे आकडे मोजपट्टी म्हणून धरू. तुमच्या दुकानात आज जो भाव असेल तो घालून गणित पुन्हा करा.

किलोच्या ब्लॉकचं चीज : शंभर ग्रॅम ५४ रुपये ५० पैसे. त्यात फॅट पंचवीस-सव्वीस ग्रॅम, प्रथिनं वीसेक ग्रॅम, आणि मीठ भरपूर. पंचवीस ग्रॅमच्या एका वडीत साधारण तीनशे-साडेतीनशे मिलिग्रॅम सोडियम जातं, म्हणजे पाऊण ग्रॅमहून अधिक मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅम. आपल्या ताटात लोणचं, पापड, शेवभाजी आधीच असते. रक्तदाब असलेल्या माणसाला चीजमधल्या फॅटपेक्षा हे मीठ आधी नडतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

पाकिटातलं पनीर : शंभर ग्रॅम साडेसत्तेचाळीस रुपये. कायद्याने पनीरमध्ये पाणी साठ टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि सुक्या वजनाच्या निम्मं तरी दुधाचं फॅट हवं, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये किमान वीस ग्रॅम. प्रथिनं चीजइतकीच, मीठ जवळजवळ नाही.

घरचं पनीर : म्हशीचं दूध ७० रुपये लिटर धरलं तर एका लिटरमधून दोनशे ग्रॅमच्या आसपास पनीर पडतं. गायीच्या दुधातून दीडशे-एकशेसाठ. म्हणजे किलोला पाच लिटर दूध, ३५० रुपये, वर गॅस आणि लिंबं. शंभर ग्रॅम पस्तीस-छत्तीस रुपये. निवळीत कणीक भिजवली की पोळ्या मऊ होतात, तेवढा आणखी फायदा. चार माणसांच्या घरात आठवड्याला अर्धा किलो पनीर लागत असेल तर पाकिटाचे २३७ आणि घरचे १८० होतात. महिन्याला सव्वादोनशे रुपये वाचतात, आणि कोणतं दूध खाल्लं हे माहीत असतं, ते वेगळंच.

एका बाबतीत मात्र चीज पनीरच्या पुढे आहे. लिंबाने दूध फाडलं की बरंच कॅल्शियम निवळीत निघून जातं, रेनेटने फाडलं की चीजमध्ये राहतं. वाढत्या वयाच्या मुलाला डब्यात एक वडी दिली तर वाईट काही नाही. ब्रँड निवडताना किलोचा भाव आणि घटकांची यादी बघावी. मंचरच्या पराग मिल्क फूड्सचं 'गो' चीज गायीच्या दुधाचं म्हणून विकलं जातं, बाकी कंपन्यांचं मिश्र दुधाचंही असतं. चांगल्या चरबीच्या दृष्टीने या दोन्हींत निवडण्यासारखं काही नाही. स्वस्त आणि ताजं ते घ्यावं. वड्यांच्या छोट्या पाकिटापेक्षा ब्लॉक किलोला स्वस्त पडतो, पण उघडल्यावर संपवायची ताकद घरात असेल तरच. वीज गेली की उन्हाळ्यात फ्रीजचा थंडावा फार टिकत नाही, हेही हिशोबात धरा. चीज स्प्रेड घेताना लक्षात ठेवा की त्यात साठ टक्क्यांपर्यंत पाणी असायला कायद्याची परवानगी आहे. त्या पाण्याचेही पैसे आपण चीजच्याच भावाने मोजतो.

आणि पुण्याहून आलेला तो तुकडा? दोनशे ग्रॅमला साडेसहाशे, म्हणजे किलोला ३,२५० रुपये, ब्लॉकच्या सहापट. त्याच्या एका पंचवीस ग्रॅमच्या कापात आठेक ग्रॅम फॅट. गायी खरोखर कुरणावर चरल्या असं मानलं, सीएलए फॅटच्या एक टक्का धरलं, तरी ते भरतं ०.०८ ग्रॅम. माणसांवरचे सीएलएचे जे प्रयोग झाले त्यांत दिवसाला तीनेक ग्रॅम गोळ्यांतून दिलं गेलं, आणि तरीही हृदयाला ठोस फायदा दिसला नाही. तेवढं चीजमधून मिळवायचं तर दिवसाला जवळपास किलोभर खावं लागेल. वहिनींना हे गणित मी कागदावर मांडून दाखवलं.

ओमेगा-३चं गणित त्याहून सरळ आहे. शंभर ग्रॅम चीजमध्ये ते अर्धा ग्रॅमही भरत नाही. जवसाच्या दहा ग्रॅममध्ये, म्हणजे जेवणातल्या एका मोठ्या चमचाभर चटणीत, दोन ग्रॅमच्या आसपास असतं. जवस किलोला दीडशे-दोनशे रुपये धरले तरी चमच्याला दोन रुपयांपेक्षा जास्त पडत नाहीत. भाकरीबरोबर जवसाची चटणी खाणाऱ्या घराला ओमेगा-३साठी चीजच्या दुकानात जायची गरज नाही.

तरी चीजवर सरसकट फुली मारू नका. डेन्मार्कमध्ये २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याच माणसांना सहा आठवडे चीज आणि सहा आठवडे तेवढंच फॅट असलेलं लोणी खायला दिलं. चीज खाताना वाईट कोलेस्टेरॉल लोण्याच्या मानाने कमी राहिलं. चीजमधलं कॅल्शियम काही फॅटला बांधून बाहेर टाकतं, आणि प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेलं फॅट वेगळ्या रीतीने पचतं, अशी त्याची कारणं सांगितली जातात. पण हे लोण्याच्या तुलनेत. डाळ-भाकरीच्या जागी चीज आलं तर फायदा होईल असं तो प्रयोग सांगत नाही. ज्या घरात पोळीवर लोण्याचा गोळा असतो तिथे कधी त्याऐवजी पनीरचा तुकडा ठेवायला हरकत नाही, एवढंच त्यातून घ्यावं. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाला संपृक्त फॅटची मर्यादा साधारण २२ ग्रॅमची. शंभर ग्रॅम म्हशीच्या पनीरमध्येच चौदा-पंधरा ग्रॅम निघतं. काजू-पनीरच्या एका प्लेटनंतर रात्री ग्लासभर म्हशीचं दूध प्यायलं की मर्यादा ओलांडलीच.

स्वस्त पनीरचं गणित जुळत नाही तेव्हा

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. किलोला पाच लिटर दूध हा आकडा डोक्यात पक्का ठेवा. आपल्या गावात म्हशीचं दूध सत्तर रुपये असताना सुटं पनीर कुणी २२० रुपये किलोने देत असेल, तर त्या किलोत पाच लिटर दूध नाही. एक तर साय काढून घेतलेल्या दुधाचं आहे, किंवा दूध पावडर आणि पाम तेलाचं आहे. साय काढलेलं असेल तर ते कमी फॅटचं पनीर म्हणून स्वस्तात घेता येईल, फक्त तसं सांगून विकायला हवं. पाम तेलाचं असेल तर ते पनीरच नाही. दुधाचं फॅट नाही, त्यामुळे चारा, म्हैस, सीएलए हा सगळा विचारच तिथे संपतो.

दोन वर्षांपूर्वी घरच्या साखरपुड्यासाठी मी बाहेरगावच्या एका दुकानातून आठ किलो पनीर आणलं. दुकानदार म्हणाला, "ताई, म्हैसनंच शे." भाव बाजारापेक्षा शंभर रुपयांनी कमी. भाजीत घातलं तर तुकडे रबरासारखे ताणले जात होते, आणि गार झाल्यावर ताटाच्या कडेला तेलाचा पांढरा थर गोठला. पाहुण्यांनी काही म्हटलं नाही. मला मात्र ते अजून लागून राहिलं आहे, कारण भाव ऐकतानाच पाच लिटरचं गणित करायला हवं होतं.

अशा बनावटीला 'अ‍ॅनालॉग' म्हणतात आणि ती विकणं बेकायदा नाही, पनीर किंवा चीज म्हणून विकणं बेकायदा आहे. पाकिटावर अ‍ॅनालॉग असल्याचं छापावं लागतं, घटकांत 'खाद्य वनस्पती तेल' किंवा पाम तेल दिसतं. पिझ्झाच्या गाडीवर, लग्नाच्या केटररकडे सुटा माल येतो तिथे पाकीटच दिसत नाही. केटररला दर ठरवताना एवढंच सांगा : पनीरचं बिल आणि पाकीट दाखवा, नाहीतर पनीर आम्ही आणून देतो. शंभर पानांच्या जेवणाला आठ-दहा किलो लागलं तर खऱ्या आणि बनावट मालात हजार-दीड हजाराचा फरक पडतो. लग्नाच्या खर्चात तो कुणाला जाणवत नाही.

घरी करता येण्यासारखी एक चाचणी आहे. पनीरचा तुकडा पाण्यात उकळून गार करा आणि त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं-काळं झालं तर पिठाची भेसळ आहे. आयोडीनची बाटली औषधाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते. पाम तेल मात्र या चाचणीत सापडत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक फी भरून नमुना तपासून घेऊ शकतो, आणि माल नियमात बसला नाही तर ती फी परत मिळते. मालाचं बिल मात्र हवं. पनीर सुटं घेतलं तरी बिल मागायची सवय लावून घ्या, दुकानदार नाखूश दिसला तरी.

दुधाचीही शंका असेल तर संकलन केंद्रावर ओळखीच्या माणसाला विनंती करून आपल्या घरच्या दुधाचं फॅट एकदा मोजून घ्यावं. म्हशीच्या दुधाचे पैसे देत असाल आणि मशीन चार दाखवत असेल, तर दूधवाल्या भाऊंशी शांतपणे बोलायला तुमच्याकडे पावती आहे. जळगाव जिल्हा दूध संघाच्या 'विकास'सारखं पिशवीचं दूध घेत असाल तर पिशवीवर प्रकार वाचा : फुल क्रीममध्ये सहा टक्के फॅट, स्टँडर्डमध्ये साडेचार, टोन्डमध्ये तीन, डबल टोन्डमध्ये दीड. पनीर करायला फुल क्रीम, आणि कोलेस्टेरॉल असलेल्या माणसाच्या चहाला टोन्ड, असं एकाच घरात दोन प्रकारचं दूध आणायला काही हरकत नाही.

वहिनींनी शेवटी काय केलं ते सांगते. तो तुकडा त्यांनी संपवला, मुलाने प्रेमाने आणला होता म्हणून, आठ दिवसांत थोडा थोडा. आता त्या शनिवारी दीड लिटर दुधाचं पनीर घरी करतात, स्वतःच्या ताटात साठ-सत्तर ग्रॅमच घेतात, आणि भाकरीबरोबर जवसाची चटणी रोज असते. डॉक्टरांची गोळी चालू आहे, ती बंद करू नका असं मीही त्यांना बजावलं आहे.

फसवणूक झाली असं वाटलं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५. तक्रार करताना बिल, पाकिटाचा फोटो आणि घेतल्याची तारीख जवळ ठेवा.